पावणेदोन हातांखालची जमीन

सह्याद्रीच्या माथ्यावर, भोर तालुक्याच्या पश्चिम अंगास उगम पावून नीरा नदी पूर्वेकडे वळते, वाटेत वेळवंडी, गुंजवणी आणि कऱ्हा यांना पोटात घेते, आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाशी, नरसिंहपुरास, भीमेला मिळते. या खोऱ्यातून एस.टी.च्या खिडकीपाशी बसून शिवारे पाहत जाणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही, की भोरकडे भातखाचरांच्या बांधांवर दिसणारी तांबूस माती सासवड-जेजुरीच्या माळावर करडी आणि खडेदार होते, बारामतीच्या पुढे ती काळवंडू लागते, आणि इंदापूरच्या सखल शिवारात तर उन्हाळ्यात मनगटापर्यंत हात जाईल अशा भेगा पडलेली निबर काळी जमीन नजर पोहोचेल तिथवर पसरलेली दिसते. नदी एक, खोरे एक, आणि गंमत अशी की या सर्व मातींचा जन्मदाता खडकही एकच आहे: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेल्या लाव्हाच्या थरांचा काळा कातळ.

मग एकाच बापाच्या पोटी इतक्या निरनिराळ्या स्वभावाची अपत्ये कशी निपजली, याचे उत्तर पावसात आहे. घाटमाथ्यावर वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तो खडकाच्या भुग्यातील चुना, सोडियम, मॅग्नेशियम असे विरघळणारे पदार्थ धुऊन नदीच्या स्वाधीन करतो, आणि मागे उरते ते लोह, ज्याच्या गंजाने माती तांबडी दिसते व स्वभावाने आम्ल होते. पूर्वेकडे जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो, आणि बारामती-इंदापूरच्या अवर्षणप्रवण टापूत तो जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे राहतो. एवढ्या पाण्याला क्षार वाहून नेण्याचे बळ नसते; ते त्यांना हातभर खाली ढकलते आणि तिथेच सोडून देते. म्हणून या भागात कोठेही खोल खणले तर मातीत चुनखडीचे पांढरे खडे सापडतात, आणि म्हणूनच या भागात पाणी बाहेरून आणून घालण्याचा प्रश्न नुसत्या पाण्याचा राहत नाही, तो आपोआप क्षारांचाही होतो. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः हाच पूर्वेकडचा टापू आहे. भोरची भातजमीन आणि तिथले वरकस हा स्वतंत्र लेखाचा ऐवज आहे.

पाऊस सारखाच असला तरी एका गावच्या शिवारात माती सारखी नसते. कोणत्याही गावी टेकडीवरून ओढ्याकडे सरळ रेषेत चालत गेले म्हणजे आधी माळ लागतो, जिथे चार बोटे मातीखाली लगेच मुरूम असतो आणि जिथे बाजरी, मटकी, हुलगा यांपलीकडे पूर्वी कोणी काही मागत नसे. मग उताराची मधली जमीन लागते, हातभर खोल, तांबूस-काळी, निचऱ्याची. आणि शेवटी ओढ्याच्या अलीकडे सखल भागात खोल काळी येते. वरच्या जमिनीतून शतकानुशतके वाहून आलेला सूक्ष्म कण खालच्या जमिनीत साठत गेला, त्याचा हा हिशेब. शेतकऱ्याला जमीन कशी म्हणून विचारले तर तो हलकी, मध्यम की भारी एवढेच सांगतो, आणि त्या तीन शब्दांत रंग, खोली, उतार, पाण्याची धारणा आणि पिकाची निवड हे सारे सामावलेले असते.

ही भारी जमीन आतून कशी असते ते पाहण्याची उत्तम जागा म्हणजे नव्याने खोदलेले शेततळे. खोदाई संपून यंत्र बाजूला झाले, की ताज्या कापलेल्या कडेवर जमिनीचा सारा इतिहास उघडा पडतो. वर वीतभर भुसभुशीत, दाणेदार थर, ज्यात ज्वारीच्या जुन्या धसकटांचे तंतू अजून गुंतलेले असतात. त्याखाली मोठी, कोनाकोनांची, दाबून बसलेली ढेकळे. एखादे ढेकूळ हाताने उचकटून काढले तर त्याची एक बाजू तिरकी आणि घासून चमकवल्यासारखी गुळगुळीत असते, कारण पावसाळ्यात फुगलेल्या मातीचे थर एकमेकांवर घासत सरकलेले असतात. मधूनच भेगेतून खाली उतरलेली वरची माती काळ्या पाचरीच्या रूपाने दिसते. आणखी खाली रंग फिका होत जातो, चुनखडीचे खडे वाढत जातात, आणि मग कधी पाच हातांवर, कधी दहा हातांवर, मऊ पिवळसर मुरूम लागतो. हा मुरूम नीट पाहून ठेवावा. पुढच्या साऱ्या कथेत नायक आणि खलनायक या दोन्ही भूमिका त्याच्याच वाट्याला आल्या आहेत.

काळ्या मातीत चिकण कणांचे प्रमाण बहुधा निम्म्याहून अधिक असते, आणि हे कण पाणी नुसते अंगाला लावून घेत नाहीत, ते आपल्या पापुद्र्यांच्या आत शिरू देतात. त्यामुळे माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. मार्च-एप्रिलच्या उन्हात पडलेल्या भेगांत वरची भुसभुशीत माती, पालापाचोळा, शेणखत खाली पडते, आणि पहिल्या पावसाने भेगा मिटल्या की ते पोटात राहते. जमीन स्वतःच स्वतःची उलथापालथ करते. भेगा मिटेपर्यंत पाणी भराभर मुरते, पण एकदा मिटल्या की मुरण्याचा वेग इतका मंदावतो की तासाभराच्या मोठ्या पावसात अर्धे पाणी डोळ्यांदेखत ओढ्याला लागते. या जमिनीच्या पोटी पालाश मुबलक, पण सेंद्रिय द्रव्य, नत्र व स्फुरद यांची ओढ. चुन्याच्या आधिक्यामुळे जस्त आणि लोह असूनही पिकाला मिळत नाही, आणि मग चुनखडीच्या शेतात उसाची पाने पिवळी-पांढरी पडतात, ज्याला आपला शेतकरी केवडा पडला असे म्हणतो.

अशा जमिनीत औत केव्हा घालावे हे ज्याला कळले त्याला अर्धी शेती कळली. पावसानंतर किंवा पाण्याच्या पाळीनंतर जमीन अशा एका अवस्थेला येते, की ओल तर आहे पण चिकटा नाही. यालाच वापसा म्हणतात. अनुभवी शेतकरी वाफ्याच्या मध्यावर जाऊन चार बोटे खोलीवरची मूठभर माती उचलतो, दाबून लाडू करतो, आणि तो कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडतो. लाडू तसाच राहिला तर घाई झाली. फुटून कण मोकळे झाले तर वापसा. आणि मुळात लाडूच वळला नाही तर उशीर झाला. हलक्या जमिनीत ही संधी दिवसन् दिवस मिळते. खोल काळ्यात ती दोन-तीन दिवसांची असते, आणि घाईने घातलेल्या औताने जी ढेकळे निघतात ती पुढे वाळून मैंदालाही दाद देत नाहीत. अलीकडे ट्रॅक्टर भाड्याने येतो आणि तो येईल त्या दिवशी येतो, वापसा असो वा नसो. भारी जमिनीच्या पोटात, नांगराच्या फाळाखाली जो घट्ट थर तयार झालेला आढळतो, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी या भाड्याच्या वेळापत्रकाकडे जाते.

जमिनीची अशी पारख शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या केली, परंतु ती कागदावर पद्धतशीर उतरवली ती सरकारने, आणि तीही शेतीच्या नव्हे, साऱ्याच्या लोभाने. पेशवाई बरखास्त झाल्यावर पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या साहेबाने १८३० च्या सुमारास जी जमाबंदी बसवली तिचे तत्त्व मोठे विद्वत्तापूर्ण होते: प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढावे आणि त्याचा शेकडा ५५ हिस्सा सरकारजमा करावा. परंतु निव्वळ उत्पन्नाचे आकडे हाताखालच्या अंमलदारांनी कसे भरले हे एक देव जाणे; रयत जमिनी टाकून परागंदा होऊ लागली, आणि ज्या इंदापूर तालुक्यात ओसाडीची सर्वांत वाईट अवस्था होती तिथेच १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्याने पाहणीस आरंभ केला. त्यांनी उत्पन्नाच्या भानगडीत पडण्याचे सोडले आणि सरळ जमीन खणली.

या नव्या पाहणीतील प्रतबंदीची रीत १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली, आणि ती आजही वाचण्याजोगी आहे. प्रतबंदी कारकुनाने शेतात जावे, शेताचे कच्चे चित्र काढून त्याचे सारखे भाग पाडावे, प्रत्येक भागात माती किती खोल आहे ते खणून पाहावे, तिचा पोत व रंग पाहून तीन वर्गांपैकी एकात घालावे, आणि मग तक्त्यावरून तिची किंमत आण्यांत लिहावी. सूक्ष्म पोताची काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर १६ आणे. हातभर असेल तर १० आणे. आणि पाव हातावर आली की साडेचार आणे. तितक्याच खोलीची भरड, तांबूस माती एक पायरी खाली. याखेरीज दोषांची यादी होती: मातीत चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, कणांत धर नसणे, पाणी न मुरणे, ओढ्याचे पाणी अंगावरून जाण्याचा धोका, झऱ्यांच्या पाझराने सदा ओल राहणे, यांपैकी प्रत्येक दोषासाठी एक चिन्ह, आणि प्रत्येक चिन्हागणिक जमीन एक प्रत खाली. सगळ्या भागांची सरासरी काढून शेताची आणेवारी ठरे, आणि त्यावरून आकार. सातबाऱ्यावर आजही जो नाममात्र आकार रुपये-पैशांत छापलेला असतो, ज्याकडे जमिनीचा सौदा करणारे ढुंकूनही पाहत नाहीत, त्याच्या मुळाशी कोणा कारकुनाने मारलेली पहार आहे.

खोलीलाच एवढे महत्त्व का द्यावे, याचे कारण त्या अहवालकर्त्यांनी स्पष्ट दिले आहे: या देशात जमिनीचा कस मुख्यतः पाणी शोषून धरून ठेवण्याच्या शक्तीवर अवलंबून आहे, आणि ती शक्ती खोलीवर अवलंबून आहे. पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखासाठी याहून नेमके वाक्य लिहिता येणार नाही. परंतु त्यांच्या तक्त्यातला सर्वांत वरचा आकडा पावणेदोन हातांचा होता. त्याखाली काय आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते, आणि ते बरोबरही होते, कारण आभाळातून पडणारे पाणी त्याखाली क्वचितच जात असे.

कोरडवाहू शेतीचे पुढचे सारे शास्त्र या एका सूत्राचा विस्तार आहे. मीटरभर खोलीची भारी जमीन पिकाच्या उपयोगी पडेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पोटात धरते. म्हणूनच हस्ताचा पाऊस पडून गेल्यावर पेरलेली रब्बी ज्वारी पुढे थेंब न पडताही माघ महिन्यापर्यंत तग धरते आणि कणीस भरते, तर शेजारच्याच माळावर तीच ज्वारी पोटऱ्यात येण्याआधी करपते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रावर निवडलेल्या मालदांडी ३५-१ या वाणाने पिढ्यान्‌पिढ्या या टापूची भाकरी आणि कडबा सांभाळला. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण वाटून दिले: तीस सेंटीमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीस फुले अनुराधा किंवा फुले माउली, साठपर्यंतच्या मध्यम जमिनीस फुले सुचित्रा, त्याहून खोल जमिनीस फुले वसुधा, फुले यशोदा. हात जाऊन सेंटीमीटर आले, आणे जाऊन वाण आले; प्रतबंदी तीच राहिली.

माती जागच्या जागी धरून ठेवण्याचा विचारही या प्रदेशाला जुना आहे. १८८३ साली लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीराव फुले यांनी, सरकारने आपल्या पदरी असलेल्या फौजेतील व पोलिसांतील रिकाम्या माणसांकडून ताली व बंधारे बांधवून घ्यावे, म्हणजे पाणी जमिनीत मुरेल आणि माती वाहून जाणार नाही, अशी सूचना केली होती. तिच्या अंमलबजावणीचा कायदा व्हायला १९४२ साल उजाडावे लागले. त्या कायद्यान्वये पुणे, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत समपातळीत बांध घालण्याचे प्रचंड काम झाले, आणि पुढे दुष्काळी कामांतही ते चालू राहिले. हलक्या आणि मध्यम जमिनीत या बांधांनी चांगले काम केले. खोल काळ्या जमिनीत मात्र ते फसले: उन्हाळ्यात बांधच तडकला, पहिल्या मोठ्या पावसात भेगांतून पाणी घुसून त्याला खिंडारे पडली, आणि जिथे बांध टिकला तिथे त्याच्या पाठीशी पाणी साठून आठवडाभर पीक कुजले. शेतकऱ्यांनी असे बांध मोडले म्हणून त्यांना अडाणी ठरवले गेले. वस्तुतः ते बांध नव्हे, जमिनीची प्रत न पाहता काढलेला हुकूम मोडत होते. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ पासून सोलापुरास कोरडवाहू शेतीचे जे प्रयोग केले, त्यांतही मशागत, पेरणीचे अंतर, कुळवाच्या पाळ्या या साऱ्यांचा विचार जमिनीच्या खोलीशी जोडूनच केलेला आढळतो.

आता कालव्याकडे वळले पाहिजे, कारण नीरेच्या खोऱ्याची ख्याती आणि दुर्दशा ही दोन्ही कालव्यानेच आणली. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेतलेल्या नीरा डाव्या कालव्याला १८८५ साली पाणी सुटले. वेळवंडीवर भाटघरला धरण झाले, वीरच्या बंधाऱ्यापासून निघालेला पाट पुरंदर, बारामती, इंदापूर या तालुक्यांतून पुढे सरकला, आणि ज्या इंदापुरातून पन्नास वर्षांपूर्वी रयत पळाली होती तिथे उसाची गुऱ्हाळे लागली. सासवडच्या माळी समाजातील कसबी बागाईतदार कालव्याच्या पाण्यामागे या टापूत उतरले, आणि पाटपाण्याच्या ऊसशेतीचे तंत्र त्यांनी सर्वांना शिकवले. भाटघरचे जुने धरण अपुरे पडू लागले तेव्हा त्याच्या खाली नवे, अधिक उंच धरण उभारण्यात येऊन १९२८ साली ते पुरे झाले. उजवा कालवा फलटण-माळशिरसकडे गेला.

पण पाणी सुटून पंचवीस वर्षे होतात न होतात तोच कृषिखात्याला 'नीरा खोऱ्यातील खारवट जमिनी' या विषयावर स्वतंत्र पुस्तिका काढावी लागली. १९१० सालची ही पुस्तिका हॅरल्ड मॅन आणि वि. आ. ताम्हणे यांनी लिहिली. कालव्याखालच्या सखल भागात विहिरींचे पाणी वर चढत होते, शेतांत पांढरा थर फुटत होता, आणि ऊस आधी खुजा राहून मग उगवेनासाच झाला होता. कारण शोधायला दूर जावे लागले नाही. खोल काळ्या जमिनीचा लौकिक मोठा होता. सोळा आणे प्रतीची ती जमीन. तिलाच प्रथम आणि भरपूर पाणी मिळाले. पावणेदोन हातांच्या तक्त्यात जी जमीन सर्वश्रेष्ठ होती तिच्या दहा हात खाली मुरमातून पाणी चालले होते, वरच्या बाजूच्या पाटातून आणि शेतांतून झिरपलेले, आणि ते ओढ्याला लागण्याआधी जिथे मुरूम पातळ होऊन संपला तिथे त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर उरले नव्हते. वर चढताना त्याने शतकानुशतके खाली साठलेले क्षार बरोबर आणले. उन्हाने पाणी उडून गेले, क्षार वर राहिले.

या प्रकारची बिघडलेली जमीन पाहायची असेल तर हिवाळ्यात सकाळी पाहावी. दंव असते तेव्हा पृष्ठभाग काळपट, ओलसर, जणू तेल सांडल्यासारखा दिसतो. ऊन चढले की कडांपासून पांढुरका होऊ लागतो. खारवट जमिनीवर पाय ठेवला तर ती पायाखाली फसफसते, आणि जमीन फुगली असे जे लोक म्हणतात त्याचा प्रत्यय तळव्याला येतो. चोपण जमिनीची गोष्ट उलटी: तिच्यात सोडियम मातीच्या कणाला चिकटलेला असतो, कणांचा परस्परांशी संबंध तुटतो, आणि ओली असताना लोण्यासारखा चिखल, वाळल्यावर पहारीलाही न बधणारे टणक, अशा दोन टोकांत ती राहते, वापशाची संधी जवळजवळ येतच नाही. खारवट जमीन पाण्याने धुता येते, अट एवढीच की धुतलेले पाणी बाहेर जायला वाट पाहिजे. चोपण जमिनीला जिप्सम लागते, म्हणजे त्यातील कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतो. परंतु हुसकावलेला सोडियमही शेवटी त्याच वाटेने बाहेर गेला पाहिजे. निचऱ्यावाचून टाकलेले जिप्सम म्हणजे तगाई काढून केलेले लग्न.

निचऱ्याचा हा प्रश्न सोडवण्यासाठी मुंबई सरकारने १९१६ साली पुण्यास खास पाटबंधारे विभाग स्थापन केला. आज खडकवासल्यास ज्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळेत साऱ्या देशातील धरणांच्या व बंदरांच्या प्रतिकृती पाहायला मिळतात, तिचे बीज बारामतीच्या या बिघडलेल्या उसाच्या फडांत आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. या विभागातर्फे सी. सी. इंग्लिस आणि गोखले यांनी या फडांत भोके पाडून पाण्याची पातळी मोजली, चर खणले, आणि जो निष्कर्ष काढला तो सोळा आणे प्रतीच्या अभिमानाला धक्का देणारा होता. काळ्या मातीतल्या मातीत काढलेला उथळ चर निरुपयोगी. चर मुरमापर्यंत गेला पाहिजे, कारण पाणी चालते ते मुरमातून. आणि बारमाही पिकासाठी खोल काळी जमीन सर्वोत्तम नव्हे. ज्या मध्यम खोलीच्या जमिनीखाली मोकळा, पाणी वाहून नेणारा मुरूम आहे ती अधिक सुरक्षित. प्रतबंदीचा कागद उलटा धरल्यासारखा हा प्रकार होता, तरी दोन्ही कागद खरे होते. एक पावसाच्या पाण्यासाठी लिहिलेला, दुसरा पाटाच्या.

याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी या कालव्यावर ब्लॉक पद्धत सुरू केली होती. निवडलेल्या पट्ट्यातच बागाईत, आणि त्या पट्ट्याच्याही तिसऱ्या हिश्शातच ऊस, बाकीत भुसार. ऊस दरसाल जागा बदलणार. पाण्याच्या हिशेबाच्या दृष्टीने ही तजवीज केली होती, पण जमिनीच्या दृष्टीने ती त्याहून मोलाची होती, कारण उसाने भिजलेल्या जमिनीला दोन वर्षांची विश्रांती तिच्यात अंगभूत होती. पुढे साखर कारखाने आले, आणि तिसऱ्या हिश्शाचा नियम हळूहळू सर्वांच्या सोयीने विस्मृतीत गेला. या बाबतीत एकट्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या पिकाला हमखास गिऱ्हाईक, ठरलेला भाव आणि पाण्याची पाळी मिळते ते पीक सोडून भुसाराकडे जा असे सांगणाऱ्याने आधी त्या भुसाराचे गिऱ्हाईक दाखवावे.

१९३२ साली नीरेजवळ पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र निघाले आणि तिथे जमिनीचा अभ्यास खऱ्या अर्थाने खोल गेला. बसू आणि सिरूर यांनी नीरा उजव्या कालव्याच्या व प्रवरेच्या लाभक्षेत्रात ठिकठिकाणी खड्डे खणून, थरांची रचना, चुन्याचे व क्षारांचे प्रमाण, मुरमाची जागा हे सर्व नोंदवून जमिनींचे प्रकार पाडले, त्यांना इंग्रजी अक्षरांची नावे दिली, आणि १९३८ साली ते प्रसिद्ध केले. कोणत्या प्रकारात ऊस घ्यावा, कोणत्यात पाणी जपून द्यावे, कोणत्यात देऊच नये, हे त्यावरून सांगता येत होते. जमिनीच्या जन्मकथेवर आधारलेले असे वर्गीकरण या देशात तेव्हा अगदी नवे होते. पाडेगावचा दुसरा वारसा उसाच्या वाणांचा: को ८६०३२ या वाणाला तर नदीचेच नाव मिळाले, नीरा, आणि कोएम ०२६५ हा वाण खारवट-चोपण जमिनीत तग धरतो म्हणून शेतकऱ्यांनी उचलून धरला. या शेवटच्या वाणाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. क्षार सोसणारा ऊस हा बिघडलेल्या जमिनीला आधार आहे खरा, पण तोच ऊस बिघाड झाकूनही ठेवतो. पीक उभे दिसते तोवर चर खणायची निकड कोणाला वाटत नाही.

निचऱ्याचे तंत्र आज बरेच पुढे गेले आहे. उघडे चर शेताची जागा खातात आणि दोन पावसाळ्यांत बुजतात. त्याऐवजी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या ठराविक उतारावर, ठराविक अंतराने पुरून त्यांचे तोंड मोठ्या नळीतून ओढ्याला काढता येते. सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले आहे, आणि कृष्णाकाठी शिरोळ-मिरजेकडे अनेक शेतकऱ्यांनी ती अमलात आणली आहे. तिची अडचण तांत्रिक नसून गावकीची आहे. वरच्या शेतातले पाणी खालच्या शेतातून गेल्यावाचून ओढा गाठत नाही. म्हणजे एकट्याने नळ्या पुरून भागत नाही, सलग पाचपंचवीस खातेदारांनी एका नकाशावर सही केली पाहिजे. भाऊबंदकीत बांधाच्या वितीवरून दिवाणी दावे चालवणाऱ्या समाजात ही सही मिळवणे हे जिप्समच्या शंभर पोत्यांपेक्षा कठीण काम आहे, आणि ते जिथे साधले तिथेच जमिनी सुधारल्या. त्यानंतरची कामे त्या मानाने सोपी: ताग किंवा धैंचा फुलोऱ्यात येताच गाडणे, शेणखत व कारखान्याची मळी घालणे, पाट-दांडाऐवजी ठिबक वापरणे, पाचट न जाळणे.

दरम्यान शिवाराच्या दुसऱ्या टोकाला, माळावर, एक शांत क्रांती झाली आहे. ज्या मुरमाड जमिनीला आण्यांच्या तक्त्यात तळाची जागा होती तीत डाळिंब, सीताफळ उभे आहेत, आणि पुरंदरच्या अंजिराला तर भौगोलिक मानांकन मिळाले आहे. डाळिंबाच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. मुरमाचा निचरा हा इथे दोष राहिला नाही, गुण ठरला. पाणी थेंबाने देता येऊ लागले, तेव्हा पाणी धरून ठेवण्याचे काम जमिनीकडून नळीकडे गेले आणि प्रतबंदीचा क्रम बदलला. तरीही जमिनीच्या बाजारात काळ्या रंगालाच भाव अधिक, आणि तलावाचा गाळ आणून माळावर हवा तेवढा जाड पसरण्याची हौस अनेकांना आहे. इंच-दोन इंच गाळ मुरमाड जमिनीत मिसळला तर तो वरदान. दोन फूट चिकट थर अंथरून त्यावर डाळिंब लावणे म्हणजे माळाचा एकमेव गुण स्वखर्चाने पुरून टाकणे.

२०१५ साली केंद्र सरकारने शेतकऱ्याला मृद आरोग्य पत्रिका देण्याची योजना आखली. तिच्यात बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. खताची मात्रा ठरवायला ही माहिती उपयोगी आहे. परंतु नमुना घेतला जातो वरच्या पंधरा-वीस सेंटीमीटरचा, आणि तोही बागाईत टापूत अडीच हेक्टरांच्या, कोरडवाहूत दहा हेक्टरांच्या चौकटीमागे एक. जमीन किती खोल आहे, चुनखडीचा थर कुठे लागतो, मुरूम मोकळा आहे की बंद, आणि उन्हाळ्यात पाणी किती हातांवर असते, यांसाठी त्या पत्रिकेत रकाना नाही. १८४७ चा कारकून खणत होता, पण पावणेदोन हातांवर थांबला. १९३८ च्या शास्त्रज्ञांनी तळापर्यंत खणले, पण त्यांचे नकाशे दफ्तरात राहिले.

कृषिखात्याने पत्रिकेत आणखी तीन रकाने घालावेत: खोली, तळ आणि पाण्याची पातळी. तोवर ज्या वाचकाची स्वतःची शेती आहे त्याने, नवी पाइपलाइन ओढण्यापूर्वी किंवा बागेचे खड्डे घेण्यापूर्वी, शेताच्या वरच्या अंगाला एक आणि ओढ्याच्या अंगाला एक असे दोन खड्डे मुरूम लागेपर्यंत घ्यावेत, काय दिसले ते तारखेसह लिहून ठेवावे, आणि खालच्या खड्ड्यात चैत्रातही पाणी उभे राहिले तर त्या साली ऊस न लावता आधी शेजाऱ्यांना घेऊन चराची वाट काढावी.